कोविडनंतरचा थकवा आणि लाखभराचा ऑक्सिजन

गेल्या पंधरा दिवसांत किमान आठ-दहा जणांनी मला एकच जाहिरात फॉरवर्ड केली. ‘कोविड होऊन गेला, पण थकवा जात नाही? विसरायला होतं? धाप लागते? सुई नाही, गोळी नाही, फक्त ऑक्सिजन!’ खाली काचेच्या नळकांड्यात हसत झोपलेल्या बाईचा फोटो. शहरातल्या एका केंद्राची जाहिरात आहे. त्यांची प्रेसनोटही आली होती, सोबत ‘पुरवणीत जाहिरातीचं बघू’ असा निरोप. मी ती बातमी लावली नाही. त्यावरून काही जणांनी विचारलं, ‘भाऊ, चांगल्या सोयीची बातमी का दाबता?’ एकाने तर जुन्या डॉक्टरांकडून पाकीट मिळालं का, असंही विचारलं. पाकीट मिळालेलं नाही. पण प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर दोन ओळींत बसत नाही, म्हणून हे लांबलचक लिहितोय. चहा घेऊन बसा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. कोविडनंतर मागे राहिलेलं दुखणं खरं आहे. ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणणाऱ्यांसाठी ही पोस्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये या आजाराची व्याख्या केली. लागण झाल्यापासून साधारण तीन महिन्यांनी दिसणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कुठल्या आजाराने उलगडा न होणारी लक्षणं. त्यात थकवा, धाप आणि डोकं न चालणं ही तीन मुख्य. आणि विषाणू गेल्यावर दुखणं उरतं हे आपल्याला काय नवीन? २००६ साली चिकुनगुन्याची साथ आली तेव्हा ताप चार दिवसांत गेला आणि सांधे कित्येकांचे वर्ष-दोन वर्षं दुखत राहिले. आपल्या येवल्यात घरटी एखादं तरी माणूस तेव्हा भिंत धरून चालत होतं.

माझ्या ओळखीचा एक विणकर आहे. नाव लिहीत नाही. चाळीशीच्या आतला, तिसऱ्या पिढीचा पैठणीचा कारागीर. दुसऱ्या लाटेत त्याला कोविड झाला, दवाखान्यात ॲडमिट व्हायचीसुद्धा वेळ आली नाही, घरीच बरा झाला. बरा म्हणजे ताप गेला. ज्यांनी माग बघितलाय त्यांना माहीत आहे, पदरावर मोर काढताना ताण्याचे तार मोजून त्या त्या रंगाची तिल्ली घालावी लागते. आकडा डोक्यात धरून ठेवायचा असतो. याच्या डोक्यात तो आकडाच राहत नाही. सोळापर्यंत मोजतो आणि मग बारा होते की सोळा ते आठवत नाही. उसवायचं, परत घालायचं. जी साडी महिन्यात उतरायची तिला अडीच महिने लागतात, आणि मजुरी तर साडीवर मिळते, महिन्यावर नाही. आता तो साध्या काठाचं काम घेतो. दुपारी दोन तास आडवा पडल्याशिवाय संध्याकाळ गाठता येत नाही. एखाद्या दिवशी बरं वाटतंय म्हणून जास्त काम केलं, की पुढचे तीन दिवस अंथरुणात.

तो चार डॉक्टरांकडे गेला. छातीचा फोटो नॉर्मल, रक्त नॉर्मल, बोटाला लावायच्या मशीनवर ऑक्सिजन सत्त्याण्णव. शेवटच्याने पाठीवर थाप मारून सांगितलं, ‘तुला काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नको, फिरायला जात जा.’ तो फिरायला गेला आणि आठवडाभर पडून राहिला. मग कुणीतरी त्याला ती जाहिरात पाठवली. त्याने फोन लावला. पलीकडच्या मुलीने पंचवीस मिनिटं त्याचं ऐकून घेतलं. चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, ‘हो सर, हे लाँग कोविडच आहे, खूप जणांना होतं.’ पुढे म्हणाली, चाळीस बैठका घ्याव्या लागतील, एकीचे तीन हजार, पण पूर्ण पॅकेज घेतलं तर एक लाखात करून देऊ.

वहिनी मला म्हणाल्या, ‘भाऊ, माझी पोत मोडते, पण हे होऊन जाऊ द्या. तुम्ही फक्त सांगा, खरं आहे का?’

त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितोय, थोडं सविस्तर.

ऑक्सिजन हा शब्दच आपल्याकडे साधा राहिलेला नाही. २१ एप्रिल २०२१. नाशिकमधलं महापालिकेचं डॉ. झाकीर हुसेन रुग्णालय. टाकीतून गळती झाली, पुरवठ्याचा दाब कमी झाला आणि किमान २२ रुग्ण गेले. दोनच दिवसांनी विरारच्या रुग्णालयाला आग. त्या आठवड्यात कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेवर चढवून विशाखापट्टणमला पाठवले होते, ते भरून २४ तारखेला नाशिकला पोहोचले तेव्हा लोकांनी देवाची पालखी यावी तसं त्या गाडीकडे बघितलं. तिकडे नंदुरबारला तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारुड यांनी आधीच हवेतून ऑक्सिजन तयार करणारे प्लांट बसवून ठेवले होते, म्हणून त्या आदिवासी जिल्ह्याचं नाव देशभर झालं. आपल्यापैकी कित्येकांनी त्या दिवसांत रात्री दोन वाजता सिलिंडरसाठी फोन केलेत. मीही केलेत. काहींना मिळाला, काहींना नाही. त्यामुळे ‘ऑक्सिजन’ ऐकलं की आपण हिशेब करत नाही, पोटात खड्डा पडतो. जाहिरात करणाऱ्याला हे नेमकं ठाऊक आहे. ‘फक्त ऑक्सिजन’ या दोन शब्दांत त्याने आपली ती सगळी रात्र विकायला काढलीये.

पण त्या एप्रिलमधला ऑक्सिजन आणि हा ऑक्सिजन यांत फरक आहे. तेव्हा फुप्फुसं भरली होती, रक्तात ऑक्सिजन पोहोचत नव्हता, मशीनवर ऐंशी-पंच्याऐंशी दिसत होतं. तिथे नळीने दिलेला ऑक्सिजन म्हणजे प्राण होता. आज ज्या माणसाचं मशीन सत्त्याण्णव दाखवतंय त्याच्या तांबड्या पेशी आधीच भरलेल्या आहेत. भरलेल्या माठात अजून किती ओतणार? २०२१ साली धाडधाड विकत घेतलेले कॉन्सन्ट्रेटर अजून कित्येकांच्या माळ्यावर पडून आहेत. काही जण थकवा आला की ते काढून तासभर नळी लावून बसतात. पातळी नॉर्मल असेल तर त्याने वीजबिलाखेरीज काही वाढत नाही.

मग हे हायपरबॅरिक काय करतं? इथे थोडं शास्त्र, पण सोप्यात सांगतो. ऑक्सिजन रक्तात दोन रीतींनी जातो. बहुतेक सगळा हिमोग्लोबिनला चिकटून. शंभर मिलिलिटर रक्तात साधारण वीस मिलिलिटर. आणि अगदी थोडा, जेमतेम ०.३ मिलिलिटर, रक्ताच्या पाण्यात विरघळून. सोड्याच्या बाटलीत दाब देऊन गॅस विरघळवतात तसा हा दुसरा भाग दाब देऊन वाढवता येतो. बंद टाकीत हवेचा दाब दुप्पट केला आणि माणसाला शंभर टक्के ऑक्सिजन दिला, तर विरघळलेला ऑक्सिजन चारेक मिलिलिटरपर्यंत जातो. ०.३ वरून चार म्हणजे थोडकी वाढ नाही. जिथे रक्तवाहिन्या खराब झाल्यात, सूज आहे, तिथेही तो पोहोचतो. म्हणजे हा उपचार थोतांड नाही, हे आधीच कबूल.

त्याचे पक्के उपयोगही आहेत. खोल समुद्रातून पटकन वर आलेल्या पाणबुड्याच्या रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात, त्यावर हाच इलाज. मुंबईत नौदलाच्या ‘अश्विनी’ रुग्णालयात ही सोय आहे ती त्यासाठीच. बाथरूममध्ये गॅस गिझर लावून दार-खिडकी बंद ठेवतात आणि माणूस बेशुद्ध सापडतो, दर हिवाळ्यात आपण अशी एखादी बातमी छापतोच. त्या कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेत हा उपचार देतात. मधुमेहाने पायाला झालेली खोल, न भरणारी जखम, कॅन्सरच्या किरणोपचाराने जळलेली हाडं-कातडी, काही प्रकारचं अचानक आलेलं बहिरेपण, असे डझनभर आजार आहेत. त्यांपैकी काही असेल आणि तुमच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली असेल तर माझी पोस्ट वाचून जाणं रद्द करू नका. भांडण त्या यादीत नसलेल्या आजारांचं आहे. कोविडनंतरचा थकवा त्या यादीत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ सालीच लोकांना जाहीर सांगितलं होतं की कोविडसाठी या उपचाराला आम्ही मान्यता दिलेली नाही.

‘पण इस्रायलमध्ये सिद्ध झालंय’ असं त्या प्रेसनोटमध्ये होतं. खरंच अभ्यास आहे. जुलै २०२२ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात आला. शामीर मेडिकल सेंटर या रुग्णालयात ७३ रुग्ण घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट. एका गटाला दुप्पट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन, रोज दीड तास, आठवड्यातून पाच दिवस, चाळीस बैठका. दुसऱ्या गटाला तशाच टाकीत बसवलं, सुरुवातीला कानाला जाणवेल इतका दाब दिला, आवाजही तेच केले, पण हवा साधी. म्हणजे कुणालाच कळू नये आपल्याला काय मिळतंय. शेवटी खऱ्या उपचाराच्या गटात एकाग्रता, उत्साह, झोप आणि दुखणं यांत जास्त सुधारणा दिसली. चांगली बातमी आहे, मी नाकारत नाही. पण दोन गोष्टी प्रेसनोटमध्ये नव्हत्या. एक, ७३ माणसं म्हणजे आपल्या एखाद्या लग्नाची एक पंगतही नाही. दोन, या अभ्यासामागचे ज्येष्ठ संशोधक डॉ. शाय एफ्राती हे ‘अविव’ या कंपनीचे भागधारक आहेत, आणि ती कंपनी फ्लोरिडात, दुबईत अशाच उपचारांची केंद्रं चालवते. हे त्यांनी लपवलं नाही, निबंधातच जाहीर केलंय. त्यामुळे निष्कर्ष खोटे ठरत नाहीत. पण उसाच्या वजनाचा काटा कारखान्याचाच असेल तर आपण बाहेर एकदा वजन करून घेतोच ना?

बाहेरचं वजन स्वीडनमध्ये झालं. कॅरोलिन्स्का या नावाजलेल्या संस्थेने ८० रुग्ण घेतले. सहा आठवड्यांत दहा बैठका, दाब इस्रायलपेक्षा थोडा जास्तच. निकाल २०२५ मध्ये ‘बीएमजे ओपन’मध्ये आला. तेरा आठवड्यांनी बघितलं तर दोन्ही गटांतले लोक थोडे सुधारले होते. खऱ्या ऑक्सिजनवाले आणि लुटुपुटुच्या ऑक्सिजनवाले, दोघंही. दोघांत फरक नाही.

हे वाक्य परत वाचा. दोन्ही गट सुधारले. म्हणजे टाकीत जाऊन आलेला माणूस जेव्हा सांगतो ‘मला फरक पडला’, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याला पडलेलाच असतो. प्रश्न एवढाच की तो ऑक्सिजनने पडला, की दिवस गेल्याने, की कुणीतरी रोज आपुलकीने विचारपूस केल्याने, की दीड तास फोनशिवाय शांत पडल्याने. व्हिडिओत हसत बोलणाऱ्या रुग्णाकडून हे कळू शकत नाही. ते कळायचं तर दुसरा गट लागतो, ज्याला नुसती हवा दिलीये. त्या गटाचा व्हिडिओ कुठलंही केंद्र टाकत नाही.

बचावात कुणी म्हणेल, स्वीडनने दहाच बैठका दिल्या, कमी पडल्या असतील. असू शकतं. मी डॉक्टर नाही, पण हा मुद्दा मला प्रामाणिक वाटतो. मग चाळीस बैठकांचा मोठा अभ्यास व्हावा, भागधारक नसलेल्यांनी करावा. तोपर्यंत या उपचाराला म्हणायचं काय? प्रयोग. आणि प्रयोगात भाग घेणाऱ्याकडून कुणी लाख रुपये घेतं का? इस्रायलच्या काय किंवा स्वीडनच्या काय, रुग्णांना आपण अभ्यासात आहोत हे माहीत होतं, कदाचित नुसती हवा मिळेल हेही माहीत होतं. आपल्या विणकराला फोनवर सांगितलं, ‘सर, शंभर टक्के फरक पडतो.’

ही टाकी आणि हा विषाणू यांची जोडी जुनी आहे हेही सांगतो, कारण मला ही हकीकत फार आवडते. १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. अमेरिकेत कॅन्सस शहरात ऑर्व्हल कनिंगहॅम नावाचे डॉक्टर होते. त्यांनी फ्लूच्या गंभीर रुग्णांना दाबाच्या हवेत ठेवलं, काही वाचले आणि त्यांचं नाव झालं. मग ते मधुमेहापासून कॅन्सरपर्यंत सगळ्यावर तीच हवा देऊ लागले. एका धनाढ्य बेअरिंग उत्पादकाने पैसा ओतला आणि १९२८ मध्ये क्लीव्हलँडला ६४ फूट व्यासाचा पोलादी गोळा उभा राहिला. आत खोल्या, जेवणघर, सगळं दाबाखाली. दहा लाख डॉलर खर्च, त्या काळात. तिथल्या वैद्यकीय संघटनेने विचारलं, पुरावा द्या. मागत राहिले, डॉक्टरांनी दिला नाही. काही वर्षांत ते बंद पडलं आणि दुसऱ्या महायुद्धात तो गोळा भंगारात गेला. इतकं मोठं लोखंड उभं राहिलं म्हणजे आत काहीतरी असणारच, असं तेव्हाही लोकांना वाटलंच असेल.

दुसरं उदाहरण जवळचं आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी आपल्या देशात आजही हा उपचार विकला जातो. कॅनडात १११ मुलांवर याचा नीट अभ्यास झाला, २००१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. एका गटाला ऑक्सिजन, एकाला किंचित दाबाची साधी हवा. दोन्ही गटांतली मुलं सारखीच सुधारली. याला आता वीस वर्षांवर होऊन गेली, तरी आई-बाप दागिने मोडताहेत.

‘सुई नाही, गोळी नाही’ म्हणजे धोका नाही असंही समजू नका. कानाच्या पडद्यावर दाब येऊन दुखापत होते, ही तर नेहमीची तक्रार. काहींची नजर काही आठवड्यांसाठी बदलते. क्वचित झटके येतात. मधुमेह्याची साखर आत असताना खाली येऊ शकते. छातीचा काही आजार लपलेला असेल तर फुप्फुस फाटण्याची भीती. आणि आग. शुद्ध ऑक्सिजनमध्ये ठिणगी म्हणजे काय, ते आपण वेल्डिंगवाल्याला विचारू. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या ट्रॉय शहरात एका खासगी केंद्रात अशा टाकीत आग लागून पाच वर्षांचा मुलगा गेला. इटलीत मिलानला १९९७ मध्ये एका नावाजलेल्या रुग्णालयातल्या टाकीत अकरा जण गेले. म्हणून नीट चालवलेल्या जागी आत मोबाईल नेऊ देत नाहीत, नायलॉनचे कपडे नाहीत, तेल-क्रीम लावून जायचं नाही, बाहेर प्रशिक्षित माणूस सतत हजर. आता त्या जाहिरातीतला फोटो परत बघा. बाईंच्या हातात मोबाईल आहे.

आणखी एक. टाक्या-टाक्यांत फरक असतो. खरी टाकी पोलादाची किंवा जाड ॲक्रिलिकची. हल्ली सौंदर्य आणि ‘वेलनेस’वाल्यांकडे चेन लावायची फुगवता येणारी पिशवी असते. तंबूसारखी. तिच्यात दाब वाढतो जेमतेम तीस टक्के आणि शेजारी आपल्या माळ्यावर आहे तसाच कॉन्सन्ट्रेटर. ज्या अभ्यासाचा हवाला देतात तो दुप्पट दाबाचा, आणि देतात ही पिशवी. हे म्हणजे नमुना हातमागाच्या पैठणीचा दाखवायचा आणि घडी पॉवरलूमची बांधून द्यायची. येवलेकरांना हे वेगळं समजावायला नको.

पैशाचा हिशेब लाखावर थांबत नाही. रोज शहरात जाऊन येऊन एसटीचे पाच तास, दोघांचं भाडं, बाहेरचा चहा-नाश्ता, आणि मागावरचे चाळीस दिवस बुडालेले. पण मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. या आजाराचं एक मुख्य लक्षण म्हणजे झेपेल त्यापेक्षा जास्त श्रम केले की माणूस नंतर कोसळतो. एसटीचा स्टँड, गर्दी, ऊन, उभ्याने प्रवास, असं आठवड्यातून पाच दिवस, दोन महिने. ज्याला घरच्या घरी ओटा उतरून चढताना हिशेब करावा लागतो, त्याला आपण थकवा घालवायला रोज पाच तास एसटीत बसवणार. इस्रायलमधले बसने असे गेले असतील असं मला वाटत नाही.

माझे एक स्नेही म्हणाले, ‘त्याचा पैसा, त्याची आशा. तू कोण अडवणारा?’ मी अडवत नाहीये. ज्याच्याकडे लाख रुपये सहज आहेत त्याने दुबईला जाऊन घ्यावा उपचार. पण पोत मोडून जाणाऱ्याला तरी कुणी आधी सांगायला हवं की दोन मुख्य अभ्यासांपैकी एकात फायदा दिसला आणि एकात नाही. एवढं एक वाक्य. ते वाक्य सांगितलं तर गिऱ्हाईक जाईल म्हणून सांगत नाहीत, आणि इथेच उपचार संपून धंदा सुरू होतो. धंद्याला माझी ना नाही, पण मग बातमी म्हणून फुकट छापा असं म्हणू नका. जाहिरात विभागात जा, दर लावा, वर ‘जाहिरात’ असं लिहून येईल.

दोष एकट्या केंद्राचा नाही, हेही लिहिलं पाहिजे. माणूस त्या टाकीपर्यंत पोहोचतो कसा? सरकारने १३ सप्टेंबर २०२० रोजी कोविडनंतर काय काळजी घ्यावी याची नियमावली काढली होती. तिच्यात योगासनं, प्राणायाम, च्यवनप्राश, हळदीचं दूध होतं. तेव्हा पोस्ट-कोविड ओपीडीचे बोर्डही ठिकठिकाणी लागले. आज तो बोर्ड शोधून दाखवा. आपल्याकडच्या एका सरकारी दवाखान्यात मी मुद्दाम जाऊन विचारलं, तर केसपेपरवाल्याने विचारलं, ‘कोविड? अजून आहे का?’ खासगीत गेलं तर आठशे रुपये तपासणी आणि ‘टेन्शन घेऊ नको’. ज्या आजाराला कुणी आजारच म्हणत नाही त्याला पहिलं नाव देणारा माणूस देव वाटतो. मग तो लाख मागो की दोन लाख. फोनवरच्या त्या मुलीने दिलेली पंचवीस मिनिटं आपल्या एखाद्या डॉक्टरांनी दिली असती तर वहिनींनी पोतीला हात लावला नसता.

डॉक्टर मंडळी, तुमच्यापैकी बरेच जण ही पोस्ट वाचतात हे मला माहीत आहे. राग मानू नका. ओपीडीत दीडशे पेशंट असताना पंचवीस मिनिटं कुठून आणणार, हे कळतं. पण ‘काही झालेलं नाही’ याऐवजी ‘रिपोर्टमध्ये सापडत नाही, पण तुम्हाला त्रास आहे’ एवढं म्हणायला जास्त वेळ लागत नाही. आणि थकव्याची दुसरी कारणं आधी शोधा की. आपल्याकडे निम्म्या बायकांचं रक्त कमी, थायरॉइड आहे, साखर आहे, बी-ट्वेल्व्ह आहे, क्षयरोग तर आहेच आहे. विणकराचं बी-ट्वेल्व्ह चार डॉक्टरांपैकी एकानेही बघितलं नव्हतं.

या आजारावर आज रामबाण औषध नाही. जे आहे ते फार साधं आणि कंटाळवाणं आहे. अंगात जेवढी ताकद आहे तेवढ्याचंच रोजचं अंदाजपत्रक करायचं, बऱ्या दिवशी उधारीवर काम करायचं नाही, मध्ये मध्ये पडायचं, झोप सांभाळायची, धाप असेल तर श्वासाचे व्यायाम कुणीतरी नीट शिकवायचे, आणि ‘फिरायला जा’ हा सल्ला सरसकट सगळ्यांना द्यायचा नाही. बरेच जण महिन्या-वर्षांत हळूहळू सुधारतात, काही सुधारत नाहीत. याची जाहिरात कोण करणार? यात विकण्यासारखं काही नाही.

तरीही ज्यांना जायचंच आहे त्यांनी पैसे भरण्याआधी काही गोष्टी विचारा, जमलं तर लेखी घ्या. दवाखाना म्हणून नोंदणी आहे की नुसता दुकानाचा परवाना? आत बसवताना डॉक्टर हजर असतो का, कुठल्या शिक्षणाचा? दाब किती देणार? कानाची, छातीची, साखरेची तपासणी आधी करणार का? आगीची व्यवस्था कुणी तपासली? पाच बैठकांनंतर सोडलं तर पॅकेजचे पैसे परत का? आणि दरपत्रक कुठे लावलंय? महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीचा १९४९ चा कायदा आहे, त्याचे नियम २०२१ मध्ये सुधारले, आणि त्यानुसार खासगी रुग्णालयांनी रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं आहे. आपल्या गावातल्या किती दवाखान्यांत ते लावलंय, हा एक वेगळाच विषय आहे. फोटो काढून ठेवलेत, त्यावर पुढे लिहीन.

सध्या एक काम करू. कोविडनंतर, चिकुनगुन्यानंतर किंवा कुठल्याही तापानंतर सहा महिन्यांहून जास्त काळ असा त्रास चाललेल्या तालुक्यातल्या लोकांची यादी मी करतोय. नाव, गाव, काय त्रास, किती खर्च झाला, एवढंच. नाव कुठेही छापणार नाही. मेसेंजरवर पाठवा, नाहीतर कचेरीत आणून द्या. दुपारी बारानंतर असतो. ही यादी घेऊन जिल्हा शल्यचिकित्सकांना निवेदन द्यायचं आहे. मागणी एकच: उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक ठरलेला दिवस, एक ठरलेला डॉक्टर आणि त्याच्यासोबत फिजिओथेरपीची सोय, फक्त या रुग्णांसाठी. तोवर विणकराने टाकीचा बेत पुढे ढकललाय. त्याचं बी-ट्वेल्व्ह तपासायला दिलंय, रिपोर्ट बुधवारी येईल.

ज्या केंद्राची प्रेसनोट होती त्यांनाही हे सगळे प्रश्न मी लेखी पाठवलेत. उत्तर आलं तर जसंच्या तसं इथे टाकीन.